अलौकिकाला लौकिकाचे प्रमाण लागते काय?

अलीकडे गावोगावी कीर्तन आटोपले म्हणजे शाळा-कॉलेजातली मुले जवळ येतात, नमस्कार करतात आणि हळूच विचारतात, “महाराज, पैठणला रेड्याने वेद म्हटले, आळंदीला भिंत चालली, देहूला इंद्रायणीने तेरा दिवसांनी गाथा कोरडी परत दिली, हे विज्ञानाला कधी पटेल काय?” वडीलधारी मंडळी अशा मुलांवर रागावतात. आम्हांस हे रागावणे योग्य वाटत नाही. विचारणारा मुलगा जिज्ञासू आहे, आणि आपल्या शास्त्रांचा आरंभच मुळी जिज्ञासेने होतो.

दुसऱ्या बाजूने, भ्रमणध्वनीवर रोज संदेश येतात : अमुक मंत्राची शक्ती परदेशी शास्त्रज्ञांनी सिद्ध केली, तमुक तीर्थाच्या पाण्यापुढे शास्त्रज्ञांनी हात टेकले. भाविक माणूस आनंदाने ते दहा जणांस पाठवितो. म्हणजे एकाला विज्ञानाचे भय वाटते, तर दुसऱ्याला विज्ञानाचा दाखला हवा असतो. दोघांच्याही मनात विज्ञान हे देवाहून वरचे कोर्ट होऊन बसले आहे. तेव्हा या विषयाचा थोडा शास्त्रीय विचार करू. आमचे शिक्षण पाठशाळेतले, तर्कसंग्रह घोकण्यात गेलेले. म्हणून त्याच वाटेने जाऊ.

१. प्रश्न काय आहे?

प्रश्न असा, की सृष्टीच्या नियमापलीकडले काही घडले, तर त्याचा पुरावा विज्ञानाला ओळखता येईल काय?

येथे ‘विज्ञान’ हा शब्द आधी पाहावा. गीतेच्या सातव्या अध्यायात ज्ञान आणि विज्ञान असे दोन शब्द येतात. भाष्यकारांनी विज्ञानाचा अर्थ स्वानुभव असा घेतला. ज्ञानोबा माउलींनी मात्र विज्ञान म्हणजे प्रपंचज्ञान असा अर्थ लावला. आजची प्रयोगशाळा ज्याला विज्ञान म्हणते त्याला हा अर्थ किती चपखल बसतो पाहा. प्रपंच म्हणजे पंचमहाभूतांचा हा पसारा. त्याचे मोजमाप, त्याचे कार्यकारण, त्याचे नियम जाणणे हे विज्ञानाचे काम. ते काम लहान नव्हे, आणि तुच्छही नव्हे.

आता नैयायिक सांगतात की प्रत्येक प्रमाणाला आपापला विषय असतो. डोळा रूप जाणतो, कान शब्द जाणतो. मृदंगाची थाप गोड लागली की नाही हे डोळ्याला विचारू नये. त्यात डोळ्याचा दोष नाही, कमीपणाही नाही.

एक दृष्टांत घ्या. पंढरीच्या बाजारात तराजू आहे. तुळशीचा हार त्यात घातला तर वजन बरोबर कळेल. पण तुळशीचा सुवास किती ग्रॅम भरला, हे तराजू सांगणार नाही. म्हणून ‘सुवास नाहीच’ असे म्हणणारा चुकला, आणि ‘तराजू खोटा’ म्हणणाराही चुकला. परंतु एखादा दुकानदार म्हणू लागला की, ‘माझ्या तुळशीला सुवास इतका, की त्यानेच हार पाव किलो जड झाला,’ तर मग काय करावे? मग मात्र हार तराजूत घालावा! कारण त्याने सुवास सोडून वजनाची गोष्ट काढली. हा दृष्टांत मनात ठेवा. पुढे त्याचे काम पडेल.

२. विज्ञान हट्टी आहे काय?

काही लोक म्हणतात, शास्त्रज्ञ हट्टी असतात, समोर दिसले तरी मानीत नाहीत. हा आरोप निम्मा खरा आणि निम्मा खोटा आहे. इतिहास पाहू.

फ्रान्स देशात १७६८ साली ल्यूसे नावाच्या गावी आकाशातून दगड पडला, असे शेतकरी सांगू लागले. पॅरिसच्या विद्वत्सभेने चौकशी केली. लाव्हाझिएसारखा थोर रसायनशास्त्री त्या चौकशीत होता. निर्णय झाला की, दगड आकाशातून पडला नाही. जमिनीवरच्या दगडावर वीज पडली असावी. आकाशात दगड आहेतच कोठे, असा त्यांचा तर्क. पुढे २६ एप्रिल १८०३ रोजी त्याच देशात लेग्ल गावाजवळ भर दिवसा सुमारे तीन हजार दगडांचा वर्षाव झाला. बीओ नावाचा शास्त्रज्ञ तेथे गेला, गावोगावच्या लोकांच्या जबान्या घेतल्या, दगड कोठे कोठे पडले याचा नकाशा काढला, आणि दगड आकाशातूनच पडले असा अहवाल दिला. विद्वानांनी आपले जुने मत सोडले.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर पाहा. लवणासुराचा वध तेथे झाला अशी कथा आहे. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा तो खळगा जुन्या ज्वालामुखीचा असावा, असे बरेच दिवस मानीत. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, प्रचंड आघाताच्या दाबानेच बनते अशी काच तेथील खडकात दाखविली गेली, आणि तो आकाशातून आलेल्या अशनीने पाडलेला खड्डा ठरला.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, पुरावा पुरेसा भक्कम असेल तर विज्ञान आपला हट्ट सोडते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आकाशातून दगड पडणे हे एके काळी अद्भुत होते. विज्ञानाने ते मान्य केले, त्याला नाव दिले, त्याचा नियम शोधला; आणि त्याच क्षणी ते अद्भुत राहिले नाही, सृष्टीचा एक भाग झाले. १८९५ साली राँटगेनला न दिसणारे किरण सापडले. बंद पेटीतले दिसणे हे पूर्वी सिद्धपुरुषाचे लक्षण होते. आज तालुक्याच्या दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात.

समजा, उद्या दर आषाढी एकादशीला ठरल्या वेळी चंद्रभागेच्या वाळवंटातली वाळू आपोआप नामघोष करू लागली. शास्त्रज्ञ येतील, यंत्रे लावतील, ध्वनी मोजतील, ‘होय, घडते’ असे लिहूनही देतील. पण पुढे ‘हे विठ्ठलाने केले’ असे लिहितील काय? छे! ते लिहितील, ‘नियम शोधीत आहोत.’ कारण जे लोकांत दिसले, मोजता आले, पुन्हा पुन्हा घडले, ते लौकिकच झाले. अलौकिक हा शिक्का विज्ञानाच्या पेटीत नाहीच.

३. उपाधी म्हणजे काय?

मग शास्त्रज्ञ तपासतात तरी काय? आमच्या भाषेत सांगायचे तर, ते उपाधी शोधतात.

न्यायशास्त्रातले उदाहरण जुने आहे. ‘जेथे अग्नी तेथे धूर’ असे कोणी म्हणाले. खरे वाटते. पण लोहाराने तापविलेल्या लालबुंद गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. मग धूर कशाने? तर ओल्या लाकडाने. ओले लाकूड ही येथे उपाधी. ती लक्षात न घेता व्याप्ती बांधली की अनुमान फसते.

आता हेच सर्पदंशाला लावू. शेतात एकाला साप चावला. मांत्रिकाकडे नेला, मंत्र घातला, माणूस वाचला. गाव म्हणाले, मंत्राने वाचला. अशी दहा माणसे वाचलेली लोक दाखवितात, आणि ती खोटी नसतात, बरे का! पण उपाधी कोणती? आपल्या शिवारातले बहुतेक साप बिनविषारी असतात. धामण चावली, तर मंत्र घातला काय आणि न घातला काय, माणूस मरत नाही. माणसे मारणारे प्रमुख साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यांतही दर दंशात पुरते विष उतरतेच असे नाही. म्हणजे वाचलेला माणूस ‘साप बिनविषारी’ या उपाधीने वाचला. श्रेय मंत्राला गेले. आणि ज्याला मण्यार चावली तो दवाखान्याऐवजी मांत्रिकाच्या ओट्यावर पडून राहिला, त्याची गोष्ट पुढल्या वर्षी कोणी सांगत नाही. घरी रडणारी त्याची बायको तेवढी ती जाणते.

२१ सप्टेंबर १९९५ चा दिवस पुष्कळांना आठवत असेल. पहाटे दिल्लीकडून बातमी निघाली की गणपती दूध पितो. दिवस मावळेपर्यंत देशात आणि परदेशातही देवळांपुढे रांगा लागल्या. चमच्यातले दूध खरोखरच कमी होत होते. लोक खोटे बोलत नव्हते. शासनाच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, आणि ते पातळ थराने मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळताना दिसले. चमचा टेकला की द्रवाच्या पृष्ठताणामुळे दूध मूर्तीकडे ओढले जाते आणि मग उतरते. शुभ्र मूर्तीवरून शुभ्र दूध ओघळले की दिसत नाही. रंग घालणे म्हणजे उपाधी उघडी करणे. याहून निराळे काही नाही. यात गणपतीचा अपमान झाला काय? आम्हांस तसे वाटत नाही. गणपती त्या दिवसाआधीही पूज्य होता, आणि त्यानंतरही आहे.

४. तीन उत्तरे

अद्भुत वाटणाऱ्या गोष्टीविषयी विज्ञान तीनच उत्तरे देऊ शकते. एक, असे घडलेच नाही. दोन, घडले, आणि त्याचे कारण हे. तीन, घडले, पण कारण अजून कळले नाही. ‘देवाने केले’ असे चौथे उत्तर त्याच्यापाशी नाही. आणि ‘देवाने केले नाही’ असेही तो म्हणू शकत नाही.

हे आम्ही मनचे सांगत नाही. फ्रान्समधील लूर्द हे ख्रिस्ती लोकांचे मोठे तीर्थ. १८५८ साली एका गरीब मुलीला तेथे मेरीमातेचे दर्शन झाले अशी त्यांची श्रद्धा आहे. तेथल्या झऱ्याच्या पाण्याने रोगी बरे झाले असे पुष्कळ लोक सांगू लागले, म्हणून १८८३ सालापासून तेथे डॉक्टरांचे कार्यालयच स्थापन झाले. आजवर सात हजारांहून अधिक लोकांनी आपण बरे झाल्याचे नोंदविले. आणि ख्रिस्ती धर्मपीठाने चमत्कार म्हणून मान्य केले किती? सत्तरच्या आसपास! चाळणी इतकी बारीक आहे.

पण मुख्य गोष्ट निराळी. त्या चाळणीतून पार झालेल्या रोग्याविषयीही डॉक्टर एवढेच लिहितात की, आजच्या वैद्यकज्ञानाने या बरे होण्याचे कारण सांगता येत नाही. ‘चमत्कार’ हा शब्द डॉक्टर लिहीत नाहीत. तो शब्द उच्चारण्याचा अधिकार त्यांच्या धर्मगुरूंचा. दोघांनी आपापली शीव ओळखली. आपल्यालाही हे शिकण्यासारखे आहे.

येथे एक सावधगिरी सांगतो. ‘कारण कळले नाही, म्हणून देवाने केले’ असे म्हणू नये. असे म्हणणाऱ्याचा देव अज्ञानाच्या अंधारात बसविलेला असतो. उद्या कोणी दिवा घेऊन आत शिरला, कारण सापडले, की त्या देवाला उठून जावे लागते. आमचा पांडुरंग तसा नाही. तो विटेवर उभा आहे, राउळात, सर्वांच्या डोळ्यांसमोर. कारण कळलेल्या गोष्टीतही तोच आहे. पाऊस कसा पडतो हे कळले म्हणून पाऊस त्याचा राहिला नाही काय?

५. प्रार्थनेची परीक्षा

अमेरिकेत तर प्रार्थनेचीच परीक्षा घेतली गेली. हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णालयांतील १,८०२ रोगी घेतले, सर्व हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचे. त्यांचे तीन गट केले. ‘तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही’ असे दोन गटांना सांगितले. त्यांतील एकासाठी प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्याला ‘तुमच्यासाठी प्रार्थना होणारच’ असे सांगितले, आणि ती झाली. चौदा दिवस ख्रिस्ती भाविकांनी रोग्यांची नावे घेऊन प्रार्थना केली. २००६ साली निकाल प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर काही ना काही बिघाड झालेले रोगी, पहिल्या गटात १०० पैकी ५२, दुसऱ्यात ५१, आणि प्रार्थना होणार हे ज्यांना ठाऊक होते त्यांत ५९.

नास्तिक म्हणाले, प्रार्थना व्यर्थ ठरली. भाविकांना वाईट वाटले. आम्ही विचारतो, परीक्षा कशाची झाली? त्या रोग्यांची बायकामुले, आईबाप घरी देवापुढे बसले नसतील काय? त्यांना कोण थांबविणार? म्हणजे ‘प्रार्थना नसलेला गट’ असा निर्भेळ गट जगात मिळणारच नाही. उपाधी येथे दूर होत नाही. आणि परमेश्वर हा काही ठरल्या मात्रेने गुण देणारा काढा नव्हे.

परंतु एवढे बोलून आम्ही सुटू इच्छीत नाही. तो निकाल एक गोष्ट स्पष्ट सांगतो : ‘अनोळखी रोग्याचे नाव घेऊन ठरावीक प्रार्थना केली की शस्त्रक्रियेतला बिघाड टळतो’ असा दावा कोणी केला, तर त्याला आधार सापडला नाही. हे भाविकानेही प्रांजळपणे मान्य करावे.

६. आक्षेप आणि समाधान

येथे चतुर श्रोता उठून म्हणेल, “वा महाराज! परीक्षा उतरली तर देव खरा, आणि नापास झाली तर ‘तो परीक्षेचा विषय नाही’. ही तर पळवाट झाली!”

आक्षेप बळकट आहे. त्याचे उत्तर शास्त्रकारांनी ‘योग्यानुपलब्धी’ या शब्दात देऊन ठेवले आहे. खोलीत भरपूर उजेड आहे, डोळे नीट आहेत, आणि जमिनीवर घट दिसत नाही. तर घट नाहीच, असा निश्चय होतो. कारण घट असता तर दिसलाच असता. तो दिसण्यास योग्य आहे. परंतु त्याच खोलीत पिशाच दिसत नाही, म्हणून पिशाच नाही असे ठरत नाही. कारण ते असले तरी डोळ्यांना दिसण्यास योग्यच नाही. शास्त्रकारांचे उदाहरणच हे आहे. जी वस्तू दिसण्यास योग्य, तिचेच न दिसणे हा तिच्या अभावाचा पुरावा.

हा नियम दोन्हीकडे सारखा लावा. ईश्वर, आत्मा, कृपा हे इंद्रियांचे विषय नाहीत. ते सूक्ष्मदर्शकात दिसले नाहीत म्हणून ‘नाहीत’ असे म्हणणारा तर्क चुकवितो. पण कोणी बुवा म्हणाला, ‘माझ्या अंगाऱ्याने मधुमेह जातो,’ तर रक्तातली साखर ही घटासारखी दिसण्यास योग्य वस्तू आहे. तपासावी. उतरली नसेल तर दावा खोटा. तेथे ‘श्रद्धेचा विषय आहे, तपासू नका’ असे म्हणण्याचा अधिकार त्याला उरत नाही. कारण सुवासाच्या नावाने वजन त्यानेच मागितले. जेम्स रँडी नावाच्या अमेरिकन जादूगाराने अशा दावेदारांसाठी १९६४ साली बक्षीस लावले. ते वाढत वाढत दहा लाख डॉलरपर्यंत गेले. अटी दोघांच्या संमतीने ठरत. हजाराहून अधिक लोकांनी अर्ज केले. २०१५ साली बक्षीस बंद होईपर्यंत प्राथमिक परीक्षाही कोणी पार केली नाही.

म्हणून जो म्हणतो देव परीक्षेपलीकडे आहे, त्याने देवाच्या नावाने साखर उतरविण्याची हमीही देऊ नये. दोन्ही एकदम मिळणार नाही.

७. मग संतांचे चमत्कार?

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. रेडा बोलला काय? तो प्रसंग सात शतकांपूर्वीचा. तेथे आज तपासण्यासारखे काही उरले नाही. तो आपल्याकडे परंपरेच्या शब्दाने आला, आणि आम्ही तो शब्द श्रद्धेने घेतो. विज्ञान त्याला शिक्का देऊ शकत नाही, आणि आम्ही तो मागतही नाही.

पण कथेचा रोख पाहा. चांगदेव सिद्धींचा धनी, चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून हाती सर्पाचा चाबूक घेऊन आला. ज्ञानोबा भावंडांसह भिंतीवर बसून सामोरे गेले. चमत्काराचा गर्व उतरावा म्हणून ही कथा आहे. चांगदेवाने शेवटी काय केले? सिद्धी बाजूला ठेवून लहानग्या मुक्ताईला गुरू केले. रेड्याच्या मुखी वेद आले ते कशासाठी? वेद आमच्याच मालकीचे म्हणणाऱ्यांस कळावे, की ईश्वर त्या मुक्या जनावरातही आहे. जो कीर्तनकार हा अर्थ सोडून नुसता चमत्कार रंगवितो, त्याने नारळातले खोबरे टाकून करवंटी वाटली.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा वारकरी मंडळींतही काळजी होती की कीर्तनावर बंदी येईल काय. पण त्या कायद्यातच स्पष्ट आहे की वारी, हरिकीर्तन, भजन, तसेच होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांचे कथन यांस तो लागू नाही. चमत्कार दाखवून लोकांस फसविणे आणि पैसा उकळणे हा गुन्हा आहे. तसेच साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हाही गुन्हा आहे. संतकथा आणि चमत्काराचा धंदा यांतला भेद कायद्यालाही कळला. आपल्याला कळू नये काय?

८. साधकाने काय करावे?

साप चावला तर वेळ न दवडता सरकारी दवाखाना गाठावा; सापाची लस तेथे मिळते. वाटेत नामस्मरण करण्यास कोणी मनाई केलेली नाही. वारीला निघताना चालू असलेली औषधे पिशवीत तुळशीच्या माळेइतकीच जपावीत. ‘पांडुरंग पाहून घेईल’ म्हणून गोळ्या घरी ठेवू नयेत. ‘विज्ञानाने सिद्ध केले’ असा संदेश आला की कोणी, कोठे, केव्हा हे विचारावे, आणि उत्तर नसेल तर पुढे पाठवू नये. खोट्या साक्षीदाराने खरा खटलाही हरतो. मुलगा शंका घेऊन आला तर त्याला जवळ बसवावे.

आणि वारकऱ्याला प्रमाण हवेच असेल, तर ते आपल्याच घरात पाहावे. माळ घातल्यापासून दारू सुटली काय? राग कमी झाला काय? दिंडीत शेजारी चालणाऱ्या माउलीची जात विचारावीशी वाटेनाशी झाली काय? शास्त्रज्ञ म्हणेल, हा संगतीचा परिणाम. म्हणो. आम्ही त्याला कृपा म्हणतो, आणि संगतीला सत्संग म्हणतो. त्याचे कारण आणि आमची कृपा यांत भांडण नाही. तो कसे घडले ते सांगतो, आम्ही कोणाचे उपकार मानावेत ते सांगतो.

एवढा बदल मात्र खरोखर झालेला हवा. तो झाला नसेल, तर हजार चमत्कार पाहिले तरी पदरात काही पडले नाही. जाणते वाचक उणे-अधिक सांभाळून घेतील.

॥ रामकृष्णहरि ॥